पाळ, पाणी आणि पट्टा : भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांतील समतेचा इतिहास

वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद, गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मात्र हे तलाव निसर्गाने दिलेले नसून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या पाळी घालून उभे केलेले आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत जो भूभाग एकत्रितपणे भंडारा म्हणून ओळखला जात होता, त्यात आणि त्याला लागून असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सुमारे साडेसहा ते सात हजार तलाव आहेत. सरकारी कागदपत्रांत त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि त्याचेच संक्षिप्त रूप म्हणून मामा तलाव म्हणतात. त्यांच्या बांधणीचे तंत्र, धानशेतीतील त्यांचे स्थान आणि आजची त्यांची दुरवस्था यांवर बरेच लिहिले गेले आहे. तथापि हे तलाव कोणी बांधावेत, त्यांच्या फळाचा धनी कोण आणि एकाला मिळालेले फळ दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या संधीवर कसा परिणाम करते, हा प्रश्न त्यांच्या तीन-चारशे वर्षांच्या इतिहासात सतत उभा राहिलेला असूनही क्वचितच स्वतंत्रपणे मांडला गेला आहे.

भांडवली अर्थव्यवस्थेच्या संदर्भात समतेचे दोन अर्थ सांगितले जातात. पहिला अर्थ संधीच्या समानतेचा : कायद्याने कोणालाही व्यवसायापासून, पदापासून किंवा मालमत्तेपासून जन्मामुळे अडवू नये, आणि त्यानंतर ज्याच्या त्याच्या कष्टाने व कौशल्याने जे पदरात पडेल ते न्याय्य मानावे. दुसरा अर्थ फलिताच्या समानतेचा, म्हणजे शेवटी प्रत्येकाच्या हाती येणारे उत्पन्न, मालमत्ता आणि जीवनमान यांतच फार अंतर राहू नये, असा आहे. पहिल्याचे समर्थक म्हणतात की दुसऱ्याचा आग्रह धरल्यास उद्योगीपणा मरतो. दुसऱ्याचे समर्थक म्हणतात की हातात काहीच नसलेल्या माणसाला दिलेली संधी कागदावरच राहते. भंडाऱ्यातील तलावांचा इतिहास या वादातील एकाही पक्षाला पुरते यश देत नाही, कारण येथे एका पिढीचे फलित हेच पुढच्या पिढीच्या संधीचे मोजमाप ठरत गेले आणि दोन्ही संकल्पनांमधली रेघ जिथे आखली, तिथे ती फार काळ टिकली नाही.

या इतिहासाचा आरंभ एका खुल्या आवाहनापासून होतो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी, विशेषतः हिरशहा या राजाने, जंगल तोडून जमीन वहितीखाली आणणाऱ्याला ती जमीन आणि तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम द्यावी असे ठरवल्याची परंपरा आहे. तत्त्वतः हे आवाहन कोणत्याही जातीच्या, कोणत्याही घराण्यातील माणसाला होते. त्याचा सर्वाधिक लाभ घेतला तो कोहळी समाजाने. या समाजाची स्वतःची आख्यायिका अशी की चांद्याच्या एका गोंड राजपुत्राने काशीहून परतताना त्यांच्या पूर्वजांना सोबत आणले. आख्यायिकेची ऐतिहासिक सत्यता काहीही असो, उंचसखल भूमीकडे पाहून पाणी कोठे अडेल आणि पाट कोणत्या अंगाने काढावा हे ठरवण्यात, तसेच त्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवण्यात कोहळ्यांचा हात धरणारा या प्रदेशात कोणी नव्हता, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही नोंदवले आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानले जाते. पुढे लोकांनी त्यालाच कोलासुर देव म्हणून पूजायला सुरुवात केली आणि तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे झाले. ज्या समाजात तलाव बांधणारा देव होतो, त्या समाजात त्याच्या वंशजांच्या जमिनीवर प्रश्नचिन्ह लावणे सोपे नसते.

परंतु खुल्या आवाहनालाही अघोषित अटी असतात. मातीची पाळ उभी करायची म्हणजे दोन टेकड्यांच्या मधली सखल जागा निवडून, खालची माती खणून, टोपल्यांनी वाहून, थरावर थर चोपत नेणे आले; ते काम एका उन्हाळ्यात पुरे होत नाही, आणि पहिल्या पावसात पाळ फुटली तर सगळे मुळापासून पुन्हा करावे लागते. पाळीच्या पोटात पाणी सोडण्यासाठी दगडी किंवा लाकडी बांधणीचे तुडूम बसवायचे, जादा पाणी वाहून जावे म्हणून कडेला सांडवा ठेवायचा, तुडुमापासून पाट काढायचा, आणि पाटाखाली धानाच्या बांध्या पाडायच्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी धरून ठेवणारे शेताचे लहान खाचर. इतके सगळे होऊन पहिले पीक हाती येईपर्यंत खणणाऱ्या माणसांच्या पोटाला धान्य पुरवणारा कोणीतरी असावा लागतो. म्हणजेच ज्याच्या कणगीत आधीच धान होते, ज्याच्या शब्दावर दहा-वीस घरे कामाला येत होती, त्यालाच ते आवाहन स्वीकारणे शक्य होते. पाळीवर माती टाकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मजुरीचे धान्य मिळाले. भिजलेली जमीन मात्र पाळ बांधवून घेणाऱ्याची झाली. कोहळ्यांचे कौशल्य खरे होते, त्यांची जोखीमही खरी होती, आणि तरीही फळाची वाटणी कौशल्याच्या नव्हे तर कणगीच्या प्रमाणात झाली, ही गोष्ट त्या व्यवस्थेचे कौतुक करणाऱ्यांच्या लिखाणात सहसा सापडत नाही.

असे असले तरी भांडवलपूर्व काळातील तलाव ही निव्वळ खासगी मालमत्ता नव्हती. पाण्याखालील शेतकरी पाळीच्या दुरुस्तीला श्रम देत आणि त्या बदल्यात पाण्यावर त्यांचा रूढ हक्क असे. धीवर या मच्छीमार समाजाचे लोक तलावात मासे धरत आणि शिंगाडा लावत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठाच्या ओल्या गाळात गाळपेराची पिके घेतली जात. गाळ खणून शेतात टाकला जाई, त्यामुळे तलाव खोल राही आणि बांधी कसदार होई. पाणी सोडण्याचे काम पाणकराकडे असे. येथे समतेचे कोडे अगदी ढोबळ रूपात समोर येते, कारण प्रत्येक बांधीला सारखाच वेळ पाणी दिले तरी सारखे पाणी मिळत नाही. तुडुमाजवळच्या बांधीत ते लगेच भरते, तर पाटाच्या शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यातले बरेच वाटेतच मुरते. वेळेची पाळी सारखी ठेवणे ही संधीची समानता झाली, आणि टोकाच्या धानाचीही लोंबी भरेल इतका वेळ पाट उघडा ठेवणे ही फलिताची. ज्या पाणकराला गावात राहायचे होते त्याला दुसरीचा विचार सोडून चालत नसे, कारण धान वाळलेला शेतकरी पुढच्या वर्षी पाळीवर माती टाकायला आला नाही तर नुकसान तुडुमाजवळच्या शेतकऱ्याचेही होई. पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये तर हेच तत्त्व जमिनीला लावले जात होते. तेथील लाखाबाटा या प्रथेनुसार काही वर्षांनी गावातील शेतांची नव्याने वाटणी होऊन प्रत्येक कुळाला चांगल्या आणि हलक्या अशा दोन्ही प्रकारच्या जमिनीत वाटा मिळे. मात्र या प्रथांना आदर्श समाजवाद समजण्याचे कारण नाही, कारण वाटणीत ज्यांची गणनाच होत नव्हती असे भूमिहीन आणि अस्पृश्य मानले गेलेले लोक प्रत्येक गावात होते.

१८५३च्या अखेरीस नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे राज्य, भंडाऱ्यासह, ब्रिटिशांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील किंवा मालगुजार हा मुख्यतः सरकारी सारा गोळा करून भरणारा मक्तेदार होता. गाव त्याच्याकडे चालत असे, पण गाव विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्याला नव्हता. १८६०च्या दशकातील जमाबंदीने, म्हणजे तीस वर्षांसाठी सारा निश्चित करणाऱ्या मोजणी-नोंदणीने, हे चित्र मुळातून बदलले. ब्रिटिशांच्या समजुतीनुसार मालक निश्चित असल्याशिवाय सुधारणा होत नाही आणि मालकी विकता-गहाण टाकता येत नसेल तर पतपुरवठा होत नाही. म्हणून मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली आणि तिच्यासोबत गावठाणाभोवतीची पडीक जमीन, झाडे आणि तलावही त्यांच्या नावे लागले. गावकऱ्यांचे जळण, चराई, पाणी यांचे हक्क, ज्यांना निस्तार म्हणतात, ते वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावच्या रूढींच्या नोंदपत्रकात लिहिले गेले. पण मालकी एका रकान्यात आणि वापर दुसऱ्या रकान्यात अशी विभागणी त्या दिवसापासून पक्की झाली. तलाव बांधल्याबद्दल मिळालेले बक्षीस आणि सारावसुलीच्या मक्त्यातून आलेला ताबा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शिक्क्याखाली आल्या. ज्या मालगुजाराच्या आजोबाने पाळ घातली होती आणि ज्याच्या वडिलांनी दहा वर्षांपूर्वी गावाचा मक्ता बोली लावून घेतला होता, ते दोघेही कायद्याच्या दृष्टीने सारखेच मालक ठरले.

भंडाऱ्यात भांडवलशाही आली ती गिरणीच्या भोंग्यातून नव्हे, तर या नोंदवहीतून. मालकी विकाऊ झाल्याबरोबर ती कर्जाचे तारण झाली, आणि कर्जाचे तारण झाल्याबरोबर सावकाराकडे जाऊ लागली. मालगुजाराखालच्या रयतेचेही वर्ग पाडले गेले : स्वतःच्या तुकड्यापुरता मालक असलेला मालिक-मकबूजा, कायम वहिवाटीचा हक्क असलेली कुळे आणि सर्वांत शेवटी साधी कुळे. मालगुजाराच्या स्वतःच्या वहितीला सीर आणि खुदकाश्त म्हणत. १८८३, १८९८ आणि १९२० या वर्षांच्या कुळकायद्यांनी कुळांना क्रमाक्रमाने अधिक संरक्षण दिले खरे, पण ज्याचे नाव कोणत्याच वर्गात नव्हते त्या शेतमजुराला या संरक्षणाचा स्पर्श झाला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी धानाच्या मुलुखात उत्पन्न आणि पत दोन्ही मोडीत काढली. तारणाच्या बाजारात सारे सारखे, हे तत्त्व आदिवासींच्या बाबतीत इतके घातक ठरले की १९१६ मध्ये खुद्द सरकारलाच मध्य प्रांतातील आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरणावर कायद्याने बंधन घालावे लागले. १९३३च्या कर्जतडजोड कायद्याने हेच शहाणपण, उशिरा का होईना, इतर शेतकऱ्यांपर्यंत आणले. करारस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या राजवटीने स्वतःच्याच कायद्यांनी त्याला घातलेली ही वेसण म्हणजे एक प्रकारची कबुलीच होती.

इंग्रज अर्थेतिहासकार आर. एच. टॉनी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समताविषयक ग्रंथात केवळ संधीच्या समानतेवर समाधान मानणाऱ्या विचाराची तुलना बेडकांच्या पिल्लांशी केली होती : डबक्यातील असंख्य पिल्लांपैकी मोजकीच शेपूट टाकून काठावर उडी मारतात, आणि उरलेल्यांनी त्या मोजक्यांकडे बघून आपलीही सोय आहे असे मानावे अशी अपेक्षा असते. टॉनी यांचा रोख इंग्लंडमधील वर्गव्यवस्थेवर होता, पण भंडाऱ्याला तो जास्तच लागू पडतो, कारण येथे काठावर पोहोचलेल्यांच्या नावे डबकेही लागले होते.

स्वातंत्र्यानंतर, भंडारा तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपून गावांची मालकी राज्याकडे आली. त्याविरुद्ध जमीनदार-मालगुजारांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, परंतु १९५२ मध्ये कायदा वैध ठरला. कायद्याचा मजकूर बारकाईने पाहिल्यास त्याची समतेची कल्पना किती मापून-मोजून आखलेली होती हे कळते. मालगुजाराला नुकसानभरपाई मिळाली, त्याची सीर आणि खुदकाश्त त्याच्याकडेच राहिली, खासगी विहिरी, घरे आणि ज्यांच्या पाण्यावर दुसऱ्या कोणाचाही सिंचनहक्क नव्हता असे तलावही त्याचेच राहिले. ज्यांच्यावर गावाचा हक्क होता ते तलाव सरकारजमा झाले. म्हणजे मालकी नावाचा दर्जा गेला, पण त्या दर्जातून सुमारे नव्वद वर्षांत जमलेले फलित, तुडुमाजवळच्या उत्तम बांध्या, जवळपास जागच्या जागी राहिले. कुळांना जमिनीचा हक्क मिळाला, मजुरांना मात्र भूतपूर्व मालगुजार आणि भूतपूर्व कूळ असे दोन मालक. पुढे विदर्भासाठी १९५८चा कुळकायदा आणि १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला. तोपर्यंत कुटुंबात वाटण्या करून जमिनी सुरक्षित करण्याइतका वेळ मोठ्या धारकांना मिळाला होता.

तलावांच्या बाबतीत तर हा बदल उलटाच फिरला. पूर्वी पाळ दुरुस्त करण्यात मालगुजाराचा स्वार्थ होता आणि शेतकऱ्यावर सक्ती होती किंवा त्याची गरज. आता तलाव सरकारचा झाल्यावर पाळीवरची माती ही सरकारने टाकायची गोष्ट झाली. जुन्या दप्तरांत ज्यांचे पाण्याचे हक्क नोंदले होते त्यांच्याकडून पाणीपट्टी मागणे त्यांना अन्यायाचे वाटे. सरकारला आपल्या बाजूने पाणीपट्टीशिवाय दुरुस्तीचा खर्च परवडणारा वाटत नसे. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलावांची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. गाळ साचत राहिला, पाणलोटात अतिक्रमणे झाली, पाटांच्या जागा शेतात मिसळल्या. सर्वांना सारखा हक्क असलेल्या वस्तूची सारखी जबाबदारी कोणाचीच उरली नाही, असा निष्कर्ष खासगी मालकीचे समर्थक यातून काढतात. पण तो घाईचा आहे, कारण सार्वजनिक मालकीपूर्वी या तलावांना टिकवणारी गोष्ट खासगी मालकी नसून श्रमाच्या बदल्यात पाणी हा रूढ करार होता, आणि तो करार मालगुजारांइतकाच सरकारनेही मोडला.

मालगुजारी संपल्यानंतर काहीच वर्षांत, मे १९५४ मध्ये, भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. हा मतदारसंघ द्विसदस्यीय होता, म्हणजे एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव अशा दोन जागा एकाच मतदारसंघात होत्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि बाबासाहेब पराभूत झाले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला होता की प्रजासत्ताकात राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, आणि ही विसंगती फार काळ ठेवली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. मालगुजारी जाऊन जेमतेम तीन वर्षे झालेल्या जिल्ह्यात त्या विसंगतीचा अनुभव त्यांना स्वतःच्या निकालात आला. राखीव जागेने प्रतिनिधीची जात निश्चित केली होती, पण तो कोणाच्या मतांवर निवडून यावा हे मात्र गावातील बहुसंख्याकांच्या, आणि पर्यायाने जमीनधारकांच्या, हातीच राहिले होते. फलिताची हमी देणारी ही तरतूद संधीच्या जुन्याच वाटणीवर उभी होती.

तलावातील पाण्यापेक्षा त्यातील माशांच्या इतिहासात हा प्रश्न आज अधिक जिवंत आहे. मालगुजाराच्या काळात धीवर त्याच्या परवानगीने मासे धरत. तलाव सरकारी झाल्यावर धीवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या आणि त्यांना ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने, म्हणजे भाडेकराराने, तलाव देण्याचे धोरण आले. हे धोरण उघडउघड प्राधान्याचे होते : ज्यांचा परंपरेने हा व्यवसाय आहे त्यांनाच संधी. त्याला विरोध करणारे लिलावाची मागणी करतात आणि खुल्या बोलीत कोणावरही बंदी नाही असे सांगतात. चांद्याच्या राजाच्या आवाहनाची ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल, कारण बोली लावण्यासाठी रोख पैसा, मत्स्यबीज आणि बाजारापर्यंत नेणारी गाडी ज्याच्याकडे असते तोच येथे पुढे जातो. पट्ट्याची रक्कम भरण्यासाठी काही संस्थाही व्यापाऱ्याकडून उचल घेतात, आणि मग तलाव संस्थेच्या नावे आणि मासा व्यापाऱ्याच्या गाडीत अशी स्थिती होते. रोहू, कटला, मृगळ यांसारख्या बाजारपेठेतील जातींचे बीज सोडण्यावर भर आल्यापासून दाडक, बोटरी, शिंगूर अशा स्थानिक माशांचे प्रमाण घटले. हे मासे विकण्याइतके मोठे नसले तरी धीवरांच्या ताटात रोज तेच असत.

गेल्या काही वर्षांत जुन्या भंडाऱ्याच्या अर्जुनी मोरगाव भागात काही तलावांतील बेशरम या झुडपाचे रान उपटून काढण्याचे आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम धीवर स्त्रियांच्या गटांनी हाती घेतले आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने पाणसाठ्यांतील मासे आणि इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्कही मान्य केला असून ज्या गावांनी त्याचा दावा केला तेथे ग्रामसभेला या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार मिळाला आहे. मात्र बहुतेक मच्छीमार संस्थांच्या सभासद-याद्या प्रामुख्याने पुरुषांच्याच आहेत, आणि पट्टा व्यक्तीला किंवा गावाला नव्हे तर संस्थेला मिळत असल्याने तलाव सुधारल्यावर वाढलेल्या माशांचा पहिला हिस्सा ज्यांची नावे यादीत आहेत त्यांच्याकडे जातो. गुडघाभर चिखलात उतरून झाडे लावणाऱ्या बाईला सभासदत्व द्यायचे की नाही, आणि दिले तर केवळ मताचा अधिकार द्यायचा की विक्रीतला वाटाही, यावर आता त्या त्या संस्थेच्या सभेत वाद होऊ लागले आहेत.